तिले फिट येते

पोलकं बिघडवणाऱ्या शिंप्याला माफ करावं एवढं माझं मन मोठं नाही. नाशिकला असताना मी दोघातिघा शिंप्यांशी कडाक्याची भांडणं केली होती आणि त्यांच्या दुकानांवरून जाताना मान दुसरीकडे वळवत असे. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. खेड्यांतून हायस्कुलं निघत होती आणि इंग्रजी शिकवायला माणूस मिळत नव्हतं. म्हणून मी नाशिकची मुलगी बुलढाण्याजवळच्या देऊळघाटला येऊन पडले. खोली मिळाली ती एसटीच्या थांब्यापाशी, आणि समोरच पुंजाजी मास्तरांचं शिवणाचं दुकान. मी मनाशी ठरवून टाकलं, कापड शिवायला टाकायचं ते बुलढाण्यालाच.

पहिल्याच आठवड्यात शाळेतून येताना मास्तरांनी मशीन थांबवून मला हाक मारली.

"बाई, तुमचा डावा खांदा उतरता हाये. आजलोक कोन्या शिंप्यानं सांगतलं नाही का तुमाले?"

परक्या पुरुषाने भर रस्त्यात बाईमाणसाच्या खांद्याविषयी बोलावं! मी तरातरा खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि आरशापुढे उभी राहिले. खांदा उतरताच होता. नाशिकच्या शिंप्यांची मला एकदम आठवण झाली आणि जरा वाईटही वाटलं. दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने कापड घेऊन मास्तरांकडे गेले. पोलकं अंगात घातल्यावर पडद्याबाहेरून त्यांनी एकच शब्द विचारला, "फिट?" मी म्हटलं, "फिट." आमची ओळख झाली ती अशी.

मास्तर ठेंगणे आणि काटकुळे होते. गळ्यात टेप असायची ती दुकानात, देवळात, लग्नात, सगळीकडे. एकदा मयतीलाही ते तसेच गेले. कुणीतरी कानाशी लागून म्हणालं, "टेप काढा मास्तर, माप घ्यायले आले असं वाटते." मास्तर ओशाळले, टेप खिशात घातली आणि नदीवरून परत येईपर्यंत ती पुन्हा गळ्यात आली होती. आपल्या गळ्यात काही आहे याचीच त्यांना जाणीव नसे.

इंग्रजीतला तो एकच शब्द त्यांना येत होता. तो त्यांनी खामगावातून आणला होता. तरुणपणी तिथे ते एका टेलरकडे काम शिकले. तो मालक गिऱ्हाइकाच्या अंगावर कपडा चढला की "फिट!" म्हणून टाळी वाजवायचा. मास्तरांनी टाळी तिथेच ठेवली, शब्द तेवढा घेऊन आले. देऊळघाटात त्या शब्दाला मोकळं रान मिळालं. भाजीत मीठ नेमकं पडलं की भाजी फिट. कुणाचा जावई फिट, कुणाची बैलजोडी फिट. पेरणीच्या वेळेला पाऊस आला की "यंदा फिट आला." कीर्तनकाराचा आवाज पेटीच्या सुरात बसला की मास्तर मांडीवर थाप मारून पुटपुटायचे, "फिट." दुकानावर लाल अक्षरात पाटी होती, 'फिट टेलर्स'. गावातली पोरं त्यांना फिट मास्तर म्हणत आणि त्यांना ते आवडत असे.

गावातले एक पुढारी जिल्हा परिषदेवर निवडून आले, तेव्हा त्यांनी मास्तरांकडे कोट शिवायला टाकला. मग सत्कार सुरू झाले. प्रत्येक सत्कारामागे जेवण. कोट तयार झाला तोवर साहेबांचं पोट बरंच पुढे गेलं होतं आणि बटण काजापर्यंत पोचेना. साहेब दुकानातच तापले.

"मास्तर, कोट बिघडवला तुम्ही!"

"कोट फिट हाये साहेब," मास्तर शांतपणे म्हणाले, "तुमीच अनफिट झाले."

हा 'अनफिट' त्यांनी कुठून पैदा केला कोण जाणे. मी तरी शिकवला नव्हता. दुकानातली माणसं खो खो हसली, शेवटी साहेबही हसले. मास्तरांनी शिवण उसवली आणि आतलं कापड सैल करून दिलं. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात. मास्तर ती सढळ हाताने सोडत. लहान मुलींच्या कपड्यांत तर फारच. आयांनी कुरकुर केली की म्हणत, "पोरगी वाढून राह्यली, तिले माया पायजे." त्यांना स्वतःला मुलगेच होते आणि ते कामाधंद्याला बाहेरगावी गेले होते. मुलीची हौस ते गावातल्या पोरींवर भागवून घेत.

त्यातही काशीराम माळ्याची इंदू त्यांची फार लाडकी. काशीरामचा मळा गावाबाहेर होता. वांगी, मेथी, सांबार असं तो पिकवायचा. सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, हे मला इथे आल्यावर कळलं. इंदू रोज सकाळी टोपलं घेऊन यायची आणि मास्तरांच्या उंबऱ्यावर सांबाराची जुडी ठेवून पुढे जायची. तिचं पहिलं झबलं मास्तरांनी शिवलं होतं आणि त्यानंतर दुसऱ्या कुणाचा टाका तिच्या अंगाला लागला नव्हता. तिचं माप ते घेतच नसत. ती रस्त्याने जाताना नुसती बघत आणि कापड बेतायला घेत.

इंदू माझ्या वर्गात होती. इंग्रजीच्या पुस्तकात एकदा 'फिट' हा शब्द आला, तेव्हा सगळा वर्ग माझ्याआधी ओरडला, "फिट म्हंजे मास्तर!" मी फळ्यावर अर्थ लिहिले. एक, अंगाला बरोबर बसणे. दोन, तब्येतीने धडधाकट. तीन, झटका, मिरगी. संध्याकाळी इंदूने ही बातमी मास्तरांना जाऊन सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अडवलंच.

"काऊन बाई, इंग्रजायपाशी शब्द कमी पडले का? माह्याच शब्दात रोग कोंबला?"

मी हसत हसत म्हटलं, "कोशात आहे मास्तर, मी काय करू?" तो तिसरा अर्थ गावात नवा नव्हताच. पूर्वी लोक मिरगी म्हणत. बुलढाण्याच्या दवाखान्यात जाऊन आलेली माणसं फिट म्हणायला लागली, कारण ते ऐकायला जरा सभ्य वाटायचं. मास्तरांना मात्र आपल्या घरात कुणी परका येऊन राहिल्यासारखं झालं होतं. कुणाला फिट आली असं ऐकलं की ते चिडून म्हणत, "मिरगी म्हना ना!"

आठवी झाल्यावर इंदूला शाळेतून काढलं. पुढे दोनेक वर्षांत तिची सोयरीक उंद्रीला जमली. घरची बागायत, मुलगा मॅट्रिक. बघायला आला तेव्हा तो तिला म्हणाला होता, शिकायचं असेल तर लग्नानंतर शीक, आमच्या गावी शाळा आहे. इंदू लगेच माझ्याकडे धावत आली. "बाई, नववीची पुस्तकं जुनी असली तं चालतीन का वं?" असं विचारताना तिचा चेहरा जो फुलला होता तो मी कधी विसरले नाही. मी माझ्याकडची पुस्तकं काढून झटकून ठेवली.

लग्न तोंडावर आलं होतं. एका दुपारी धाड गावाकडून येणारी एसटी थांब्यावरच बंद पडली. ड्रायव्हर बॉनेट उघडून आत डोकं घालून बसला आणि प्रवासी सावली बघून पांगले. नऊवारीतली एक जाडजूड बाई पिशवी घेऊन मास्तरांच्या बाहेरच्या बाकावर येऊन टेकली. मी पडद्याचं कापड द्यायला दुकानात गेले होते. तेवढ्यात इंदूची आई, सरूबाई, मागच्या दाराने आत आली. काशीरामला लग्नाचं पोलकं बुलढाण्याच्या टेलरकडून हवं होतं. सरूबाईने ते नवऱ्याच्या नकळत मास्तरांकडे दिलं होतं आणि आता तिला धास्ती वाटत होती.

"माप नाही घेतलं मास्तर तुमी," ती हळूच म्हणाली. "मले तं धाकधूक होऊन राह्यली."

मास्तर बोलताना मशीन थांबवत नसत. मशीनच्या वरताण आवाज काढून त्यांनी सांगितलं, "काशीरामच्या इंदूचं मले सांगता? लहानपनापासून तिले फिट येते! लग्नाच्या दिवशीबी येईन. चिंता करू नका."

"हाव, पन कोनाले सांगू नका बरं. तिच्या बाबाले कळलं तं बोंब होईन." मशीनमुळे तिलाही आवाज चढवावा लागला.

"मी कायले सांगतो!"

सरूबाई हसत मागच्या दाराने निघून गेली. बाहेरच्या बाकावरची बाई उठली आणि सावली सोडून भर उन्हात एसटीजवळ जाऊन उभी राहिली. मला वाटलं, जागा जाईल म्हणून गेली असेल. थोड्या वेळाने एसटी दुरुस्त होऊन बुलढाण्याकडे निघून गेली.

ती नवरदेवाची आत्या होती. धाडला दिलेली. लग्नाच्या तयारीला उंद्रीला चालली होती.

सोयरीक जमवणारा मधला माणूस उंद्रीहून निरोप घेऊन आला तेव्हा काशीराम मळ्यातून तसाच चिखलाच्या पायांनी दुकानात आला. मी खोलीच्या दारातून बघत होते.

"मास्तर, माह्या पोरीचं तुमी काय सांगतलं?"

"म्या? कोनाले?"

"तिले लहानपनापासून फिट येते म्हने. अन् ते दाबून ठेवलं म्हने आमी. सोयरीक मोडली त्यायनं."

मास्तरांना काही उमगेना. मग उमगलं. त्यांनी मशीनच्या पायट्यावरचा पाय काढून घेतला आणि तेच वाक्य हळू आवाजात स्वतःशी म्हणून पाहिलं. "तिले फिट येते." पुन्हा एकदा म्हटलं. त्यांच्या तोंडून ते परत ऐकल्यावर माझ्याही लक्षात आलं. आमच्या नाशिककडे पोलकं फिट येतं आणि झटक्याची ती फिट येते. वऱ्हाडात पोलकंही येते आणि फिटही येते. तेच वाक्य आमच्याकडच्या शिंप्याने म्हटलं असतं तर बाकावरच्या बाईला पोलकंच ऐकू गेलं असतं. एका मात्रेचा फरक! पण तिथे तो फरकच नव्हता, आणि मशीनच्या आवाजात पोलक्याचं नावही कुणी घेतलं नव्हतं.

काशीराम भला माणूस होता. त्याने मास्तरांवर हात उगारला नाही की शिवी दिली नाही. इंदूला बुलढाण्याला डॉक्टरकडे नेऊन तिच्या तब्येतीचा दाखला घेतला आणि उंद्रीला जायला निघाला. मास्तर म्हणाले, मी येणार. दाखला इंग्रजीत होता, म्हणून मलाही बरोबर घेतलं.

उंद्रीला त्या लोकांनी आम्हाला ओसरीवर बसवलं, चहा दिला. भांडले असते तर बरं झालं असतं. मास्तर बसलेच नाहीत. त्यांनी उभ्याउभ्या सगळी हकीकत सांगितली, पिशवीतून पोलकं काढलं आणि दोन्ही हातांत धरून दाखवलं. "हे पाहा. याचं बोलून राह्यलो होतो म्या. हे तिले फिट येते."

"म्या माह्या कानानं आयकलं," आत्या दाराआडून म्हणाली. "कोनाले सांगू नका, असंबी म्हने तिची माय."

काशीरामने दाखला पुढे केला. मी हात पुढे करेपर्यंत घरातल्या एका शाळकरी पुतण्याने तो घेतला. डॉक्टरांचं अक्षर ते! त्याला काही लागेना. एकेक अक्षर लावत तो एका शब्दापाशी थांबला आणि मोठ्याने वाचला, "फिट."

"घ्या," आत्या म्हणाली. "डाक्टरानंबी तेच लिहून देलं."

मी उठले. दाखला हातात घेऊन सगळा वाचला, मराठीत सांगितला. फिट म्हणजे धडधाकट, हा वेगळा अर्थ, तो वेगळा, हे वर्गात समजावते तसं समजावून सांगितलं. मुलाच्या वडिलांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुमी खरं सांगत असान. मास्तरबी खरं सांगत असतीन. पन तुमच्या पुस्तकात तीन अर्थ हायेत, आमच्या भावकीत एकच गेला. उद्या तिले नुसती भोवळ आली तरी लोक म्हनतीन, पाहा. मी कोना कोनाले पुस्तक दाखवू?"

मास्तरांनी हात जोडले. "माह्या जिभेची सजा पोरीले देऊ नका हो."

नवरदेव चौकटीला टेकून उभा होता. त्याने त्या पोलक्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं आणि तो आत निघून गेला. त्या मुलाचा मला अजून राग येतो. आत्या जे ऐकू आलं ते बोलली, बापाने भावकीची भीती सांगितली. पण मॅट्रिक झालेल्या, मुलीला शीक म्हणून सांगणाऱ्या त्या पोराने एक शब्द बोलायला काय हरकत होती?

त्यानंतर मास्तरांनी तो शब्द तोंडातून काढला नाही. पाटीवरचा 'फिट' खरवडून टाकला, नुसतं 'टेलर्स' राहिलं. पोलकं घालून बघितलं की पडद्याबाहेरून विचारत, "बराबर?" आणि आपण "बराबर" म्हटलं तरी त्यांचं समाधान होत नसे. त्यांची बायको मला एकदा म्हणाली, "जेवतात अन् उठतात. भाजी कशी झाली ते मले आता समजतच नाही." कपडे शिवणं मात्र तसंच चोख होतं. गिऱ्हाईक तुटलं नाही, गावाने त्यांना दोष दिला नाही. काशीरामही येता-जाता रामराम करायचा. इंदू तर पूर्वीसारखीच सकाळी उंबऱ्यावर सांबाराची जुडी ठेवून जायची. मास्तरांना तेच सहन होत नसे. एकदा माझ्यासमोर त्यांनी तिला थांबवलं.

"बोल ना वं मले काहीतरी. शिव्या दे."

"काय बोलू काका?" इंदू म्हणाली. "तुमी तं माह्या पोलक्याचंच बोलले होते."



जवळपासच्या गावांतून इंदूला स्थळ येईना. बोलणी सुरू झाली की कुणीतरी उंद्रीची आठवण काढायचा. माझ्याकडची नववीची पुस्तकं मी शेवटी दुसऱ्या एका मुलीला दिली. काही वर्षांनी जालन्याकडच्या एका बिजवराशी तिचं लग्न झालं. त्याला पहिलीची दोन मुलं होती आणि चौकशी करत बसायला वेळ नव्हता. पोलकं पुन्हा मास्तरांनीच शिवलं. ते द्यायला स्वतः मळ्यावर गेले, इंदूने घालून बघितलं, आणि ती "बराबर हाये काका" म्हणाली. तिनेही तो शब्द टाळला.

माझी बदली झाली तेव्हा मी ट्रंक घेऊन थांब्यावर उभी होते. इंदू माहेरी आली होती, ती त्याच दिवशी नवऱ्याबरोबर परत निघाली होती. नवरा वयाने बराच मोठा, बोलायला तुसडा. तिच्या कडेवर सवतीचा धाकटा मुलगा होता. माझ्याशी दोन शब्द बोलली, बरं चाललंय म्हणाली. मला तेवढंच ऐकायचं होतं, म्हणून मी ते खरं मानलं.

मास्तर मशीनवरून तिच्याकडे बघत होते. मग एकदम उठले आणि रस्ता ओलांडून आले. लग्नाचं पोलकं तिच्या अंगावर होतं. खांद्यावरून ते उतरलं होतं, दंडाभोवती लोंबत होतं. मला ते तोवर दिसलंच नव्हतं.

"इंदू, हे काय वं?" मास्तरांनी तिच्या खांद्यावरचं जादा कापड चिमटीत धरलं. खिशातून खडू काढून तिथे रेघ ओढली. "दोन मिनिटं थांब. चार टाके घालतो. काढून दे, माह्या घरात माह्या बायकोचं घाल तवरिक."

धुरळा उडवत एसटी आली. नवरा दारात चढून म्हणाला, "चल लवकर, जागा जाईन."

"राहू द्या काका," इंदू म्हणाली. "असंच चालते आता."

कंडक्टरने घंटा दिली. माझी एसटी उलट्या दिशेची होती, त्यामुळे मी मास्तरांशेजारीच उभी होते. इंदू खिडकीशी बसली, पोराला मांडीवर घेतलं. एसटी वळणापर्यंत गेली तोवर तिच्या खांद्यावरची ती पांढरी रेघ आम्हाला दिसत होती. तिने ती पुसली नव्हती.